आफ्रिकेतील मुलांसाठी स्वयंसेवा : लायबेरियातील नऊ वर्षांचा अनुभव

आफ्रिकेत जाऊन तेथील मुलांसाठी काही काळ काम करावे, अशी इच्छा दिल्ली आणि परिसरातील अनेक तरुण व्यक्त करतात. या इच्छेला कोणते वळण द्यावे, हे समजून घेण्यासाठी केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिला तुकडीचा लायबेरियातील अनुभव उपयुक्त ठरतो.

पश्चिम आफ्रिकेतील या देशात १९८९ ते २००३ या काळात झालेल्या यादवी युद्धांत सुमारे अडीच लाख लोक मृत्युमुखी पडले. हजारो मुलांच्या हाती शस्त्रे देण्यात आली होती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेसाठी भारताने जानेवारी २००७ मध्ये राजधानी मन्रोव्हिया येथे शंभराहून अधिक महिला पोलिसांची तुकडी पाठविली. केवळ महिलांची अशी तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात पहिलीच होती. राष्ट्राध्यक्षा एलेन जॉन्सन सरलीफ यांच्या कार्यालयाचे संरक्षण आणि रात्रीची गस्त ही तिची प्रमुख कामे होती.

काटेकोरपणे पाहता या महिला स्वयंसेविका नव्हत्या, त्या कर्तव्यावर होत्या. परंतु कर्तव्याच्या वेळेबाहेर त्यांनी जे केले, ते स्वयंसेवेहून वेगळे म्हणता येणार नाही. स्थानिक मुली व स्त्रियांसाठी त्यांनी उन्हाळी शिबिरे घेतली, त्यांत स्वसंरक्षण, संगणक आणि भारतीय नृत्य शिकविले. शाळकरी मुलांना प्रथमोपचाराची व एचआयव्हीविषयीची माहिती दिली. आपला दवाखानाही त्यांनी परिसरातील रहिवाशांसाठी खुला केला. तुकडीतील महिला ठरावीक काळाने बदलत, मात्र फेब्रुवारी २०१६ पर्यंत तुकडी तेथेच राहिली. आलेली माणसे परत गेली तरी त्यांच्या जागी येणारे कोणी असे, आणि हेच या कामाचे खरे बळ होते. संयुक्त राष्ट्रांच्या माहितीनुसार या नऊ वर्षांत लायबेरियाच्या सुरक्षा यंत्रणेतील महिलांचे प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेले. त्याचे सारे श्रेय एका तुकडीला देणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल.

याउलट, शुल्क भरून दोन-तीन आठवडे अनाथालयात मुलांसोबत राहण्याच्या सहली अनेक देशांत आयोजित केल्या जातात. त्यांपासून दूर राहणेच इष्ट. 'सेव्ह द चिल्ड्रन' संस्थेच्या २००९ मधील अहवालानुसार संस्थांमध्ये राहणाऱ्या पाच मुलांपैकी किमान चौघांची आई किंवा वडील हयात असतात. पाहुण्यांकडून पैसा मिळू लागला की मुलांना घरी पाठविण्याऐवजी संस्थेतच ठेवण्याकडे कल वाढतो. शिवाय लळा लागलेली व्यक्ती वारंवार निघून जाणे मुलांसाठी क्लेशदायक असते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मधील ठरावात अशा स्वयंसेवेच्या दुष्परिणामांची दखल घेतली आहे.

संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रम हा अधिक विश्वासार्ह मार्ग आहे. त्यासाठी अर्जदाराकडून कोणतेही शुल्क आकारले जात नाही, उलट निवड झालेल्यांना निर्वाह भत्ता मिळतो. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ स्वयंसेवकांकडून संबंधित क्षेत्रातील अनुभवाची अपेक्षा असते. १८ ते २६ वर्षे वयोगटासाठी स्वतंत्र संधी आहेत.

आफ्रिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस आवश्यक असून ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी शासनमान्य केंद्रात घ्यावी लागते. अशा देशातून प्रमाणपत्राविना भारतात परतणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते.