जुनी बंदूक घेताना: रास्त किंमत म्हणजे नक्की किती?

मागच्या पावसाळ्यात फ्रीगंजातल्या एका काकूंचा फोन आला. काका जाऊन चार महिने झाले होते. माळ्यावर सासऱ्यांच्या वेळची एक भरमार बंदूक, एक संगीन, बारूद ठेवायचं शिंग आणि पत्र्याच्या डब्यात कागद, एवढं सामान होतं. भंगारवाला सगळ्याचे मिळून पंधराशे म्हणत होता. इंदूरहून आलेले एक 'शौकीन' गृहस्थ पंधरा हजार द्यायला तयार होते, पण अट अशी की कागदबिगद काही करायचं नाही, रात्री गाडीतून घेऊन जाणार. काकूंचा प्रश्न सरळ होता: "यातलं खरं कोण बोलतंय?"

दोघंही नाही, असं मी म्हणालो. आणि मग 'का' ते समजावण्यात अख्खी संध्याकाळ गेली. आपल्या मंडळातही हा प्रश्न दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

आधी हे बघू, की आपल्याकडे घराघरांत ही हत्यारं आली कुठून. उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती; दौलतरावांनी ती १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरला नेली. त्याआधी महादजींच्या काळात द बॉयनने कवायती पलटणी उभ्या केल्या, आणि त्यांच्यासाठी आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतत असे, बंदुका बनवत असे. विलायती बंदुकीच्या तोडीची बंदूक तो दहा रुपयांत तयार करी, अशी नोंद आहे. म्हणजे हत्याराची 'वाजवी किंमत' हा विषय आपल्याकडे सव्वादोनशे वर्षं जुना आहे! जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी इथेच, उज्जैनजवळ, शिंद्यांच्या कवायती फौजेचा धुव्वा उडवला. २१ डिसेंबर १८१७ ला क्षिप्रेच्या काठी महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली, साठाहून जास्त तोफा गेल्या, आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. फौजा मोडल्या की शिपाई घरी जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचं हत्यारही जातं. पुढे ग्वाल्हेर रियासतीत सरदार, जमीनदार, पाटील यांच्याकडे परवान्याच्या बंदुका आल्या. मे १९४८ मध्ये मध्यभारत झाला, रियासत संपली, पण माळ्यावरची बंदूक माळ्यावरच राहिली.

एक खुलासा. महिदपूरच्या शेतात नांगराला लागलेला तोफगोळा हा वेगळा विषय आहे. जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली येते आणि ती कलेक्टरला कळवावी लागते. ती विकत घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

किंमत आधी कायदा ठरवतो

अमेरिकेतल्या भाच्याने संगणकावर बघून सांगितलेला भाव घेऊन बरेच जण येतात. "मामा, तिकडे ईशापूरची रायफल एवढ्या डॉलरला जाते." जात असेल. ईशापूरच्या कारखान्याने १९६२ च्या चीन युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरची जी २ए आणि २ए१ रायफल बनवली, ती पुढे निकाली निघून अमेरिकेत भरपूर पोचली आणि तिथला सामान्य माणूस ती हौसेने घेतो. पण तीच रायफल इथे कुणाला विकणार? आपल्या नियमांत .३०३ आणि ७.६२ च्या बोल्ट रायफली, .४१० ची मस्केट, .४५५ चं रिव्हॉल्व्हर ही सगळी प्रतिबंधित वर्गात मोडतात. सामान्य परवान्यावर ती घेताच येत नाहीत. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला तेव्हा कितीतरी जणांनी मला विचारलं, आता त्या स्वस्तात मिळतील का? नाही मिळणार. कुणी 'फौजी कोट्यातली आहे' म्हणून देऊ करत असेल तर तिची रास्त किंमत शून्य आहे, आणि खरी किंमत वकिलाची फी.

उलट बाजूही बघा. १९८० च्या दशकात सामान्य नागरिकासाठी विलायती हत्यारांची आयात बंद झाली. त्यामुळे .३२ बोअरचं जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर, जे तिकडे किरकोळ समजतात, ते इथे परवानाधारकांमध्ये लाखांत जातं. त्या किमतीत इतिहास फारसा नसतो, टंचाई असते. संग्राहकाने तिच्या मागे धावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तिकडचा भाव इथे लागू न होण्याचं साधं कारण म्हणजे माल तिकडे जाऊच शकत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. (व्यवसाय म्हणून पुरावस्तू विकणाऱ्यालाही परवाना लागतो. तो बघायला मागा, लाजू नका.) दोन बाजारांच्या मध्ये कायद्याची भिंत आहे, अलीकडचा भाव अलीकडेच शोधावा लागतो.

आता संग्राहकाच्या कामाचं कलम. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ४५ (क). जुन्या घाटाचं, पुरातन मूल्याचं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्ती करून अथवा न करता बंदूक म्हणून वापरता येणारच नाही, त्याला हा कायदा लागत नाही. वाक्याचा शेवट नीट वाचा. 'दुरुस्ती करूनही' चालता कामा नये. घोडा काढून ठेवला, चाप मोडला, एवढ्याने भागत नाही. लोहार तासाभरात तो बसवून देईल. नळी फुटलेली असेल, मागची बाजू गंजून गेली असेल तर गोष्ट वेगळी. शंका असली तर कलेक्टर कचेरीतल्या शस्त्र शाखेत लेखी अर्ज द्या. प्रकरण तपासणीसाठी सागरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेपर्यंत जाऊ शकतं, वेळ लागतो, पण हातात आलेला कागद त्या हत्याराची किंमत वाढवतो. तलवार, कट्यार, संगीन यांचीही नावं नियमांच्या यादीत आहेत, तेव्हा 'ते काय, साधं पातं आहे' म्हणून घेऊन फिरू नये.

काकूंची भरमार मात्र चालू स्थितीत होती. काकांच्या नावे परवाना होता. परवानाधारक गेला की वारसांनी विनाविलंब हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं, हे कलम २१ सांगतं. मग वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा, नाहीतर परवाना असलेल्या माणसाला विकायचं. मुदतीत काहीच केलं नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं. नेमकं इथेच भाव पाडला जातो. विकणारी बाई एकटी, मुलगा बंगलोरला, मुदतीची भीती, आणि समोरचा म्हणतो, "ठेवून तरी काय करणार? दोन हजार घ्या." २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं, त्यात वडिलोपार्जितही धरून, ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक सोडावं लागलं. विकणारे वाढले की घेणारा शहाणा होतो.

घाईने विकणाऱ्याकडून घाईच्या भावात घेणं बेकायदा नाही. पण मी ते एकदा केलंय, म्हणून सांगतो.

नव्वदच्या दशकात क्षीरसागरकडच्या एका जुन्या वाड्यातून मी एक टोपीदार बंदूक घेतली होती. नळी मधोमध फुटलेली, दस्त्याला वाळवी. आजींनी तीनशे मागितले, मी घासाघीस करून दोनशेवर आणले. घरी येऊन चापाजवळची पट्टी रॉकेलने पुसली तर खाली पंजा उगारलेला कंपनी सरकारचा सिंह निघाला. नुसती तेवढी पट्टी घेणाराही मला त्याच्या कितीतरी पट देऊन गेला असता. मी खूश होतो, मित्रांना चहा पाजला. पाच-सहा वर्षांनी त्या बंदुकीवर टिपण लिहायला बसलो आणि लक्षात आलं की ती घरात कुणाकडून आली, कुठल्या पलटणीतून, हे मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर आजींना कळलं असतं ना, की वस्तू मोलाची आहे! परत गेलो तर वाडा पडला होता, माणसं पुण्याला गेली होती. पत्र पाठवलं, ते परत आलं. बंदूक आजही माझ्याकडे आहे, पण तिच्याबद्दल मी चार ओळींपलीकडे लिहू शकत नाही.

मग भाव काढायचा कसा

सगळ्यात आधी खुणा वाचायच्या. कंपनीच्या बंदुकांवर १८०८ च्या सुमारापर्यंत बदामाच्या आकारातला शिक्का असतो, नंतर सिंह. ईशापूरच्या रायफलीवर कारखान्याचं नाव आणि साल दस्त्याजवळच्या कड्यावर मिळतं. ली-एनफिल्ड घराण्यातल्या रायफलीत नंबर एकापेक्षा जास्त ठिकाणी ठोकलेला असतो: मुख्य पेटीवर, बोल्टवर, पुढच्या टोपणावर, मागच्या माशीवर. सगळे जुळले तर वस्तू एकसंध. न जुळले तर ती जोडगोळी आहे आणि भाव बराच खाली येतो. 'डीपी' अशी अक्षरं दिसली तर ती कवायतीपुरती, गोळी झाडायला अयोग्य ठरवलेली. संग्रहालयाच्या मंडळींनी हे आवर्जून तपासावं.

देशी तोड्याच्या बंदुकीला नंबर नसतात. तिथे नळी, रंजकदानी, गज आणि दस्ता एकाच वयाचे दिसतात का, हे बघायचं. नळी थोडी वर उचलून खालचं लाकूड बघा. शंभर वर्षं झाकलेलं लाकूड आणि काल रंगवलेलं लाकूड यांत फरक लपत नाही. नकली माल कमी नाही. खैबर खिंडीकडे दर्रा आदमखेलला पिढ्यान्‌पिढ्या विलायती रायफलींच्या नकला होत आल्या आहेत; त्यांची ओळख बहुतेक वेळा शिक्क्यातल्या चुकलेल्या स्पेलिंगने पटते. पर्यटकांसाठी 'टॉवर १८५७' असा ठसा मारलेल्या बंदुकाही बाजारात भरपूर फिरतात. पितळ फार चकचकीत, गंज सगळीकडे सारखा, स्क्रूची आटी यंत्रासारखी एकसमान, अशी लक्षणं दिसली की हात आखडता घ्या. शोभेची वस्तू म्हणून घ्यायला हरकत नाही, पण भाव शोभेचाच द्या.

आणि घासून चकचकीत केलेली खरी वस्तू? तिचा भाव कमी होतो. घरच्यांना सांगा, हात लावू नका, कोरड्या फडक्याने पुसा, बस्स.

पण सगळ्यात जास्त फरक पाडतो तो कागद. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून रघूजी भोसल्यांची तलवार घेतली. वाहतूक, विमा, हाताळणी धरून सुमारे ४७.१५ लाख रुपये लागले. तशी पाती इतरही आहेत; या पात्यावर रघूजींचं नाव देवनागरीत सोन्याने कोरलेलं आहे. टिपूच्या शयनगृहातली म्हणून ओळखली जाणारी तलवार २०२३ मध्ये जवळपास १ कोटी ४० लाख पौंडांना गेली, तीही ती कुणाची, कुणाच्या हातून कुणाकडे गेली याची साखळी पक्की असल्यामुळे. (लिलावाचे आकडे वाचताना लक्षात ठेवा, जाहीर होणाऱ्या किमतीत बहुधा लिलावगृहाचं कमिशनही असतं. विकणाऱ्याच्या हातात तेवढं पडत नाही.) आपल्या पातळीवर तोच नियम लहान आकड्यांत चालतो. रियासतीच्या परवान्याचा पिवळा कागद, मोडीतला एखादा दस्त, गणवेशातला फोटो सोबत असेल तर त्याचे वेगळे पैसे द्या आणि तो वस्तूपासून कधीही तोडू नका. काही 'शौकीन' लोक कागद नकोत म्हणतात. त्यांना का नकोत, ते तुम्हाला कळलं असेलच.

माझी स्वतःची रीत आता अशी आहे: विकणाऱ्याला आधी सगळं सांगायचं, अगदी भाव वाढला तरी. मग तिने आणखी दोघांना विचारावं, त्यातला एक तरी परवानाधारक विक्रेता असावा. आणि घरातल्यांच्या आठवणी लिहून घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मित्र हसतात. एक-दोन चांगल्या वस्तू हातून गेल्याही.

काकूंचं काय झालं ते सांगतो. भरमार ठाण्यात जमा केली, पावती घेतली. मुलगा दिवाळीत आला, त्याने परवानाधारकाला रीतसर विकली. भंगारवाल्याच्या आकड्याच्या बऱ्याच वर, इंदूरवाल्याच्या आकड्याच्या थोडी खाली. संगीन आणि शिंग त्यांनी ठेवून घेतलं. संगिनीसाठी शस्त्र शाखेत चौकशीचा अर्ज दिलाय, उत्तर यायचंय. पत्र्याच्या डब्यातले कागद मात्र त्यांनी मला वाचायला दिले आहेत. अकरा आहेत, त्यातले सात मोडीत. पुढच्या बैठकीला घेऊन येतो, ज्यांना मोडी येते त्यांनी चष्मा विसरू नये.