लोणारचं पाणी खारं, मग बुलढाण्यात 'समुद्री लिली'चे जीवाश्म का मिळत नाहीत?

लोणार सरोवराचं पाणी खारं, म्हणजे इथे कधीकाळी समुद्र असणार, हा तर्क सहज सुचतो. त्यात काळ्या दगडाच्या पोकळीत फुलासारखी पांढरी रचना दिसली, की ती समुद्री फुलाचा जीवाश्मच वाटते. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा झिओलाइट असते. लाव्हा थंड झाल्यावर पोकळ्यांत तयार झालेलं खनिज.

समुद्री लिली मात्र खरी आहे. फक्त ती फूल नाही, प्राणी आहे. शास्त्रीय नाव क्रिनॉइड, तारामाशाची नातेवाईक. तिचे जीवाश्म सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांपासून मिळतात. तळाला धरून ठेवलेला देठ, वर पेल्यासारखं शरीर आणि त्याभोवती पिसांसारखे हात. हे हात पंख्यासारखे प्रवाहात पसरायचे. वाहत आलेले अन्नकण इवल्या नळीपायांनी पकडायचे आणि मधल्या तोंडाकडे सरकवायचे. पाठलाग नाही, शिकार नाही. प्रवाह थांबला की जेवण बंद! तळाशी पाणी संथ असतं, थोडं वर वेग वाढतो. उंच देठाचा फायदा तोच.

हा देठ नाण्यांची चळत लावावी तसा चकत्यांचा असतो. प्राणी मेला की चकत्या सुटतात, त्यामुळे अख्खी लिली क्वचित मिळते. मधोमध छिद्र असलेली गोल किंवा पाच टोकांच्या ताऱ्यासारखी चकती, ही तिची खूण. इंग्लंडमध्ये लोक या चकत्या मणी म्हणून ओवायचे.

मग बुलढाण्यात का नाही? जिल्ह्यातला बहुतांश खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याचा. लाव्ह्यात जीवाश्म टिकत नाहीत. लोणारचं विवर तर त्याच्याही कितीतरी नंतर उल्कापाताने झालं. त्यात पाणी येतं, पण बाहेर पडायला वाट नाही. उन्हाने वाफ होते आणि क्षार मागे राहतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8 च्या आसपास, लोणारचा 10 च्या आसपास. म्हणजे चव खारट असली तरी घराणं वेगळं.

जुन्या समुद्राच्या खुणा पाहायच्या तर मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या बागला जा. लाव्ह्याआधी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता, तिथल्या चुनखडीत शिंपले सापडतात. क्रिनॉइडसाठी मात्र कच्छ गाठावं लागेल.

आणि लोणारला गेलात तर दगडाचा फोटो काढा, खिशात टाकू नका. ते वन्यजीव अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर स्थळही.