पावसाळ्यातले पेपर

आमच्याकडे सीईटी म्हणजे आंब्याच्या दिवसांतली परीक्षा. बारावीचे पेपर मार्चमध्ये संपले की मुलं आठ-पंधरा दिवस पुस्तकाला हात लावत नाहीत. मग एप्रिलच्या उकाड्यात एकेक जण वही घेऊन परत येतो. ओहोटीला सावित्रीच्या खाडीतला गाळ उघडा पडलेला असतो, घरोघरी लग्नाच्या पत्रिका येत असतात, आणि महाडकडून येणारी मिनीडोर धुरळा उडवत फाट्यावर थांबते. शेवटच्या आठवड्यात पोरांना घाम फुटतो तो उन्हाने आणि गणिताने.

२०२० ते २०२२ अशी तीन वर्षं ही परीक्षा पावसाळ्यात किंवा त्याच्या शेपटावर आली. कोरोनामुळे तारखा पुढे ढकलल्या गेल्या, त्याला इलाज नव्हता. पण एप्रिलचा पेपर जुलै-ऑगस्टात नेला तर डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये राहणाऱ्या मुलांचं काय होतं, हे मी महाडजवळच्या दासगावात अकरावी-बारावीचं गणित शिकवताना जवळून पाहिलं. ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

२०२०ची सीईटी एप्रिलमध्ये व्हायची होती. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळं थांबलं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडात शिरलं. दक्षिण रायगडात घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, कितीतरी गावं दिवसच्या दिवस अंधारात राहिली. मोबाईलवर शिकायचे ते दिवस, आणि मोबाईल चार्ज करायलाच वीज नाही. माझा एक विद्यार्थी ओळखीच्या ट्रकवाल्याकडे फोन चार्ज करायला देई आणि तो परत मिळेपर्यंत मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका सोडवत बसे. शेवटी ऑक्टोबरात परीक्षा झाली. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाचे पेपर १२ ऑक्टोबरला सुरू झाले आणि नेमकी त्याच सकाळी मुंबई-ठाण्याची वीज गेली. त्यामुळे ज्यांचा पेपर हुकला त्यांना पुन्हा संधी मिळाली. आमच्या मुलांना त्या बातमीचं फार नवल वाटलं नाही.

पण मनातून जात नाही ते २०२१.

त्या वर्षी बारावीची लेखी परीक्षाच रद्द झाली. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० आणि बारावीतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० असं सूत्र लावून निकाल लागला आणि राज्यातली ९९.६३ टक्के मुलं पास झाली. सगळेच पास झाल्यावर अभियांत्रिकीला जाऊ पाहणाऱ्याच्या हातात उरली फक्त प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी. भौतिक आणि रसायनचे मिळून शंभर प्रश्न, शंभर गुण, नव्वद मिनिटं. गणिताचे पन्नास प्रश्न, तेही शंभर गुणांचे आणि नव्वद मिनिटांचे. या तीन तासांवर सगळं येऊन ठेपलं होतं. काही मुलं देशपातळीवरची जेईई मेनही देत होती. तिच्या तिसऱ्या सत्राचे पेपर २० ते २७ जुलैच्या दरम्यान होते. म्हणजे लावणीचे दिवस. सकाळी चिखलात राबून दुपारी सराव चाचणी सोडवणारी मुलं माझ्याकडे होती.

त्या तुकडीविषयी एक सांगायला हवं. ही मुलं २००३-०४ची. २००५च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या तेव्हा ती एक-दोन वर्षांची होती. त्यांना त्यातलं काही आठवत नाही, पण त्यांच्या घरात ते रोज आठवलं जातं. दासगावच्या दरडग्रस्तांनी किती वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली, हे गावाला ठाऊक आहे. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की मोबाईलमधल्या शिक्षकाचा आवाज ऐकू येत नाही. एका मुलीने त्यावर तोड काढली होती. आवाज बंद करून ती नुसत्या फळ्याकडे बघायची आणि मधल्या पायऱ्या स्वतः भरायची. तिचं कॅल्क्युलस त्यामुळे पक्कं झालं, हे खरं आहे. तसं शिकावं लागू नये, हेही तितकंच खरं आहे.

२१ जुलैच्या रात्री पाऊस थांबेना. २२ला पहाटेपासून महाडात पाणी चढलं. सावित्री आणि गांधारी दोन्ही फुगलेल्या, त्यात खाडीला भरती असली की पाण्याला जायला वाटच उरत नाही. बाजारपेठेत पहिला मजला धरून पाणी. वीज गेली, रेंज गेली. संध्याकाळी तळिये गावावर दरड आली. ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि ते बाहेर कळायलाही बराच वेळ लागला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथेही दरडींनी माणसं गिळली. दासगावातल्या कितीतरी घरांनी ती रात्र डोंगराकडे कान लावून काढली.

जेईईचे पुढचे पेपर २५ आणि २७ जुलैला होते. २४ तारखेला केंद्रीय शिक्षणमंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी जाहीर केलं की, पूर आणि दरडींमुळे ज्यांना केंद्रावर पोचता येणार नाही त्यांना आणखी एक संधी मिळेल. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर आणि रायगड हे जिल्हे त्यात होते. निर्णय योग्य होता आणि वेळेवर झाला होता. पण महाड-पोलादपुरात तो ऐकायला रेंज कुठे होती? दोन दिवस एका मुलाचे वडील रोज चालत माझ्याकडे येत. ‘बाई, पेपर आहे का नाय, तेवढं सांगा. पोरगा जेवत नाय.’ मलाही माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी माणगावहून मदत घेऊन आलेल्या एकाच्या फोनमध्ये ती बातमी दिसली.

पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल उरला. महाडातल्या मुलांच्या वह्या, प्रवेशपत्रं, जातीचे दाखले, नॉन-क्रीमिलेअर, सगळ्याचा लगदा झाला होता. माझ्या एका विद्यार्थिनीने गणिताच्या वहीची पानं एकेक सुटी करून चुलीच्या वर दोरीवर वाळत घातली होती. शाई पसरलेली, तरी आकृत्या ओळखू येत होत्या. ३ ऑगस्टला बारावीचा निकाल ऑनलाइन लागला तेव्हा तो पाहायला मुलं रेंज मिळेल त्या टेकाडावर चढली.

या मातीत परीक्षेची वाट अडण्याची गोष्ट फार जुनी आहे. लाडवलीत जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे, जे पुढे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे एक प्रमुख संघटक आणि नंतर कम्युनिस्ट नेते झाले, ते दासगावात शिकले. अकराव्या वर्षी अलिबागला जाऊन शिष्यवृत्तीची परीक्षा ते पास झाले, तरी महाडच्या इंग्रजी शाळेने या अस्पृश्य मुलाला दारातूनच परत पाठवलं. झगडून प्रवेश मिळवावा लागला. पुढे त्याच सत्याग्रहासाठी १९२७च्या डिसेंबरात बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने आले ते दासगावच्याच बंदरावर उतरले आणि इथून महाडला गेले. मोरेंना अडवलं ते माणसांनी, २०२१च्या पोरांना पाण्याने. या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत, आणि मी त्या एका मापाने मोजतही नाही. पण वर्गात मुलांना हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण एकदम ताठ बसला, तो त्या दिवशी शेवटपर्यंत तसाच होता.

२० सप्टेंबरला सीईटी सुरू झाली. तोवर आमच्या मुलांचे अभ्यासाचे निदान तीन आठवडे चिखल उपसण्यात गेले होते. त्यांचं पर्सेंटाइल मात्र राज्यभरातल्या सगळ्या मुलांच्या बरोबरीने निघालं. पर्सेंटाइल म्हणजे आपल्या मागे किती जण आहेत त्याचा हिशोब. पुण्यातल्या क्लासमध्ये बसून तयारी केलेला आणि दोरीवर वही वाळवलेली, दोघं त्याच रांगेत. पेपर हुकला तर पुन्हा संधी मिळते. तीन आठवडे हुकले तर त्याची भरपाई कुठल्याच नियमात नाही, आणि ती असायला हवी असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. निदान पूरग्रस्त तालुक्यांतल्या मुलांना शेवटच्या तुकडीतली तारीख मागता यावी. एवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही.

तरीही त्यातले काही पोचले. लोणेऱ्याचं बाबासाहेबांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आमच्याच मुंबई-गोवा महामार्गावर आहे. लहानपणापासून एसटीच्या खिडकीतून पाहिलेल्या त्या फाटकातून माझा एक विद्यार्थी आत गेला. चुलीवर वही वाळवणारीला हवी ती शाखा मिळाली नाही. तिने बीएस्सीला नाव घातलं आणि आता ती गणितच शिकते आहे.

२०२२ची सीईटीही पावसाळ्यातच, ऑगस्टात झाली. त्या वर्षी पावसाने त्या मानाने सबुरीने घेतलं, पण जुलैभर मुलांचे डोळे हवामान खात्याच्या इशाऱ्यांवर होते.

मग २०२३. परीक्षा ९ मेपासून, नेहमीच्या उन्हाळ्यात. आदल्या संध्याकाळी एक मुलगी आली. हातात कैरी, कपाळावर घाम. रस्त्याचं, पाण्याचं, रेंजचं तिने काहीच विचारलं नाही. विचारलं एवढंच, ‘बाई, इंटिग्रेशनचे आधी घेऊ का शेवटाला ठेवू?’