नाकाबंदीत सापडला, आता घरच्यांनी काय करावे?

सहामाही परीक्षेच्या दिवसांत आमच्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी त्याची आई आली. स्टाफरूमच्या दारातच उभी राहून हळूच म्हणाली, "सर, बाहेर कुठं बोलू नका. ह्याच्या अब्बांना मोशीजवळ नाकाबंदीत पकडलं. दारू पिऊन टेम्पो चालवत होते."

नवरा चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पोचवणारा ड्रायव्हर. भाड्याची खोली, दोन मुले. लायसन्स हीच त्या घराची रोजी. पण त्या माउलीला लायसन्सपेक्षा मोहल्ल्याची भीती जास्त होती. दारू हराम, हे आपल्या घरांत लेकरालाही ठाऊक असते. म्हणूनच असे काही घडले की पहिला विचार येतो तो लपवण्याचा. तिच्या दिराने एक एजंट गाठला होता. पंधरा हजार द्या, केसच नाहीशी करतो, असे तो सांगत होता. त्यासाठी कानातले गहाण ठेवायला ती निघाली होती.

आम्ही म्हणालो, "भाभी, कानातले राहू द्या. आधी वकिलाला भेटू."

लपवण्याने काय होते ते पुण्याने 2024 मध्ये पाहिले आहे. 19 मेच्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. पहिल्याच दिवशी त्याला जामीन मिळाला आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता. त्यावर सारा देश संतापला. पण खरा धडा पुढे आहे. ससून रुग्णालयात त्याच्या रक्ताचा नमुना बदलला गेला आणि त्याजागी आईचे रक्त ठेवले गेले, असा पोलिसांचा आरोप आहे. मग दोन डॉक्टर, वडील आणि आई यांनाही अटक झाली. चूक एकाची होती; ती झाकायला गेले आणि आरोपींच्या यादीत अख्खे घर आले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हेल्मेटच्या चलनासारखा हा दंड रस्त्यावर भरून सुटता येत नाही. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच जाते.

यंत्रात फुंकायला नकार देऊ नये. नकार दिला तर तोच कोर्टात आपल्याविरुद्ध जातो. अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावे लागते. घरच्यांना कळवण्याचा हक्क आहे. हा गुन्हा जामीनपात्र आहे. जामिनासाठी कोणाच्या ओळखीची गरज नाही. यंत्राची चिठ्ठी, नोटीस, गाडी जप्त केल्याची पावती, हे सारे कागद एका पिशवीत जपून ठेवावेत. कोर्टाची तारीख चुकवू नये, चुकवली तर वॉरंट निघते.

एजंट दोन सल्ले देतात. पहिला, पैसे चारा. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. दुसरा, कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. खरे असेल तर कबूल करावे, पण त्याचा अर्थ समजून. दंड भरला म्हणजे गुन्हा पुसला जात नाही. तो सिद्ध झाला अशी नोंद होते आणि पुढच्या वेळी तीच नोंद शिक्षा वाढवते. म्हणून आधी वकिलाशी बोलावे.

वकिलाला पैसे नाहीत, ही अडचण खरी आहे. पण 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तर इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. आपल्या कामगार वस्त्यांत हे किती जणांना ठाऊक आहे? 15100 या क्रमांकावर फोन करावा किंवा न्यायालयातील विधी सेवा समितीत अर्ज द्यावा.

लायसन्स पहिल्या वेळी तीन महिने निलंबित होऊ शकते. आरटीओने निर्णय देण्यापूर्वी म्हणणे मांडायची संधी मिळते, ती सोडू नये. निलंबनाच्या काळात "फक्त गल्लीपुरती" म्हणूनही गाडी हातात घेऊ नये. तो वेगळा गुन्हा आहे.

त्या भाभींच्या नवऱ्याला विधी सेवेचा वकील मिळाला. त्याने कोर्टात खरे सांगितले, दंड भरला. तीन महिने गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम केले. मिळकत निम्म्यावर आली. घरात रडारड झाली, दिराने बोलणे टाकले. हे सोपे होते असे आम्ही म्हणणार नाही.

दंड भरून व्यसन मात्र जात नाही. दारू हा गुनाह आहेच, पण जडलेली दारू आजारही आहे आणि त्यावर इलाज आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण याच कामासाठी आहे. तिथे उपचार घ्यायला जाण्यात कसली शरम?

दुसऱ्याचा ऐब झाकावा, ही आपली शिकवण आहे. ती चारचौघांत बदनामी करू नये म्हणून आहे. पुरावा दडवण्यासाठी ती ढाल नाही. सूरह निसाच्या 135व्या आयतीत तर स्वतःच्या, आईबापांच्या विरुद्ध जात असले तरी खरी साक्ष देण्याचा हुकूम आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर पहाटे सायकलवरून पाळीला जाणारा कामगारही कोणाचा तरी अब्बाच असतो.

तो मुलगा पुन्हा वर्गात बसू लागला आहे. एकदा डबा खाताना त्याने विचारले, "सर, अब्बा आता दवाखान्यात जातात. हे कोणाला सांगितलं तर चालेल?"

आम्ही म्हणालो, "आधी अब्बांना विचार. पण लाज वाटावी असं त्यात काही नाही, बेटा."