एका वर्षाचे महापौर

भारताच्या राष्ट्रपतींची आणि उपराष्ट्रपतींची मुदत पाच वर्षांची. मात्र त्या पदावर एकाच व्यक्तीने किती वेळा बसावे, यावर राज्यघटनेने बंधन घातलेले नाही. तरीही दोनदा राष्ट्रपतिपद भूषविले ते एकट्या राजेंद्रप्रसादांनी. उपराष्ट्रपतिपदाच्या दोन पूर्ण मुदती डॉ. राधाकृष्णन आणि हमीद अन्सारी या दोघांनीच काढल्या. अमेरिकेत फ्रँकलिन रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, तेव्हा १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून अध्यक्षांना दोन मुदतींची अट घालावी लागली. सत्ता मोठी म्हणून कुंपण, असा तेथील हिशेब. मग बेंगळुरूच्या महापौरांभोवती एका वर्षाचे कुंपण कोणत्या सत्तेच्या धास्तीने घातले गेले?

७४व्या घटनादुरुस्तीने महापालिकेला पाच वर्षांची मुदत दिली, पण महापौराची मुदत राज्यांवर सोडली. महाराष्ट्रात ती अडीच वर्षांची. कर्नाटकाच्या १९७६ च्या महापालिका अधिनियमाने मात्र महापौर आणि उपमहापौर या दोघांनाही वर्षभराचेच दान टाकले. त्यामुळे २०१० ते २०२० या काळातील दोन सभागृहांत बृहत् बेंगळुरू महापालिकेने दहा महापौर पाहिले. शेवटचे गौतम कुमार ऑक्टोबर २०१९ मध्ये निवडले गेले आणि १० सप्टेंबर २०२० रोजी सभागृहाचीच मुदत संपली. त्यांना ते वर्षही पुरते लाभले नाही.

या रचनेतील खरी मेख अंदाजपत्रकात आहे. २०१५ नंतरच्या सभागृहात महापौरांची निवड सप्टेंबरच्या सुमारास होई आणि अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जाई. म्हणजे पहिले सहा महिने पूर्वसुरींच्या अंदाजपत्रकावर काढायचे आणि आपल्या कारकिर्दीतील अंदाजपत्रकाच्या निविदा निघेपर्यंत खुर्ची रिकामी करायची! ते मांडणाऱ्या स्थायी समितीच्या अध्यक्षांचीही तीच गत. सरकारी कचेरीत काम केलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको की, वर्षभरात जाणाऱ्या पदाधिकाऱ्याची फाइल कोणत्या वेगाने हलते. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, राजकीय वजन मंत्री व आमदारांकडे. महापौरांकडे उरतो तो मान.

अल्प मुदतीच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही. आरक्षणाच्या फिरत्या क्रमात अधिक समाजघटकांना संधी मिळते. वरील दहांपैकी चार महापौर महिला होत्या. पण अधिकारच नसलेल्या पदाचे असे वाटप म्हणजे प्रतिनिधित्वाची स्वस्तात केलेली बोळवणच होय.

बेळगावात तर पदाची वाट पाहण्यातच मुदतीहून अधिक काळ गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये निवडणूक झाली आणि शोभा सोमनाचे महापौर झाल्या फेब्रुवारी २०२३ मध्ये. निवडून आलेले नगरसेवक सतरा महिने महापौराविना होते.

बेंगळुरूसाठी थेट निवडलेला, पाच वर्षांचा महापौर असावा, अशी शिफारस कस्तुरीरंगन समितीने २००८ मध्येच केली होती. ती बाजूस राहिली. २०२० च्या स्वतंत्र अधिनियमाने निदान तीस महिन्यांची मुदत देऊ केली. परंतु पुढे निवडणूकच झाली नाही. सभागृहाची मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक घ्यावी, असे राज्यघटना सांगत असताना शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. २०२५ मध्ये नवा कायदा येऊन एका महापालिकेच्या पाच झाल्या, तोवर तीस महिन्यांची ती मुदत एकाही महापौराने उपभोगली नव्हती.