अंथरूण ओले करणाऱ्या मुलासाठी अलार्म निवडताना

सात-आठ वर्षांचे मूल झोपेत गादी ओली करते म्हटले की घरात कुणीतरी ‘आळशीपणा’ हा शब्द काढतेच. मूल हे मुद्दाम करत नाही आणि ओरडल्याने ते थांबतही नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा जणांची गादी ओली होते. दहाव्या वर्षी हा आकडा पाचाच्या आसपास येतो. आई किंवा वडिलांना लहानपणी हा त्रास असेल, तर मुलालाही होण्याची शक्यता बरीच वाढते. घरातली मोठी माणसे हे सहसा बोलत नाहीत. बोलावे. बाबांचेही असेच व्हायचे, हे कळले की मुलाच्या मनावरचे ओझे निम्म्याने उतरते.

काही मुलांच्या शरीरात रात्री लघवीचे प्रमाण कमी करणारे संप्रेरक पुरेसे वाढत नाही. काहींचे मूत्राशय थोडे भरले तरी आकुंचन पावते. आणि या दोन्हींच्या जोडीला मूत्राशय भरल्याची जाणीव मुलाला झोपेतून उठवत नाही. अलार्मचा रोख असतो तो या शेवटच्या अडचणीवर.

यंत्र अगदी साधे आहे. चड्डीला किंवा चादरीखाली एक सेन्सर असतो. त्यात धातूचे दोन भाग एकमेकांना न चिकटता जवळजवळ बसवलेले असतात. लघवीत क्षार असल्याने तिच्यातून वीज वाहते. पहिले थेंब पडले की दोन भाग जोडले जातात आणि अलार्म वाजतो. करंट इतका बारीक असतो की मुलाला तो जाणवतही नाही. 1904 साली फाउंडलर या बालरोगतज्ज्ञाने अशी घंटा वापरली ती, मूल ओले झाल्याचे परिचारिकेला कळावे म्हणून. काही मुले त्यामुळे कोरडी राहू लागली, हे नंतर लक्षात आले. उपचार म्हणून त्याची रीतसर मांडणी मॉवरर दांपत्याने 1938 मध्ये अमेरिकेत केली.

अलार्म मागवण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे एक खेप मात्र हवीच. सहा महिने कोरडे राहिलेले मूल अचानक पुन्हा गादी ओली करू लागले, लघवीला जळजळ होते, दिवसाही चड्डी ओली होते, लघवीची धार बारीक आहे, खूप तहान लागून वजन उतरते आहे किंवा मूल जोरात घोरते, यातले काहीही असेल तर आधी तपासणी. शी नीट होते का, हेही डॉक्टर विचारतील. भरलेले आतडे मूत्राशयावर दाबते, त्यामुळे बद्धकोष्ठ असताना अलार्म लावून फारसे हाती लागत नाही. आधी पोट साफ व्हायला हवे.

आता निवड. सुरुवातीचे काही आठवडे अलार्म वाजतो, घर जागे होते आणि मूल गाढ झोपलेले असते. म्हणून माझ्या मते विकत घेण्याआधी ठरवायचे ते एकच: रात्री दोन वाजता उठणार कोण? यंत्र त्या माणसाला ऐकू जायला हवे. आई-बाबा त्याच खोलीत झोपत असतील, तर चड्डीला सेन्सर, वायर आणि खांद्याजवळ टी-शर्टला लावायचा अलार्म, हा साधा प्रकार पुरतो. मूल वेगळ्या खोलीत झोपत असेल, तर बिनतारी प्रकार घ्यावा. त्याचा आवाज करणारा भाग मोठ्यांच्या उशाशी ठेवता येतो. तो महाग असतो. फक्त थरथरणारे यंत्र, शेजारी झोपलेल्या भावंडांची झोप मोडू नये म्हणून, मोहात पाडते. पण त्याने बहुतेकदा मूलही उठत नाही आणि मोठेही. आवाज आणि थरथर दोन्ही असलेले घ्यावे.

गादीवर पसरायच्या पट्टीचा सेन्सर ज्याला अंगाला काही लावलेले सहन होत नाही, अशा मुलासाठी ठीक. पण तिथे लघवी चड्डी आणि चादर पार करून मग सेन्सरवर पोचते. म्हणजे अलार्म उशिरा वाजतो. मूल लोळत लोळत पट्टीच्या बाहेर गेले तर वाजतच नाही. जमिनीवर एका रांगेत गाद्या घालून झोपणाऱ्या घरात हे सहज होते.

सेन्सर हातात घेऊन बघा. क्लिप झोपाळलेल्या मुलाच्या बोटांना उघडता-लावता येते का? तो धुऊन-पुसून पटकन कोरडा होतो का? वेगळा सेन्सर सुटा मिळतो का? वायर किंवा सेन्सर खराब झाला की नेमका मधेच उपचार थांबतो. सेल कोणते लागतात तेही पाहा. बटन सेल असतील, तर झाकण स्क्रूने बंद होणारेच घ्या; घरातल्या धाकट्याने तो सेल गिळला तर अन्ननलिका भाजून जिवावर बेतू शकते. रिमोटमध्ये घालतो ते बारीक सेल चालत असतील तर अधिक बरे.

मुंबई-कोकणात घामाचा प्रश्न वेगळा आहे. मे महिन्यात घामाने अलार्म उगाच वाजतो आणि दोन-तीनदा असे झाले की मुलाचा विश्वास उडतो. सुती, अंगाला नीट बसणारी चड्डी घालावी, पंखा सुरू ठेवावा. त्यातून गावाला जायचे, लग्नकार्य, परीक्षा यांच्या तोंडावर सुरुवात करू नये. दोन-तीन महिने रोज एका घरात झोपता येईल, असा काळ निवडावा.

पहिल्या रात्रीआधी संध्याकाळी तालीम करा. मूल गादीवर आडवे होते, तुम्ही सेन्सरवर मीठ घातलेल्या पाण्याचा थेंब टाकता, अलार्म वाजतो. मूल उठते, स्वतः बटण बंद करते, संडासात जाऊन शू करते, कोरडी चड्डी घालते, सेन्सर पुसून परत लावते. रात्रीही हाच क्रम. फरक इतकाच की सुरुवातीला तुम्हाला त्याला हलवून, बसवून, पूर्ण जागे करावे लागते. नाव विचारा, तोंडावर पाणी मारा. डोळे मिटून चालत गेलेले मूल काही शिकत नाही. मेणकापड आणि जास्तीची चादर उशाशीच ठेवा. दिवसा पाणी भरपूर प्यायचे, झोपण्याआधीचा तास-दीड तास कमी. पाणी तोडायचे नाही. ठरावीक वेळी उचलून नेऊन शू करवणे यात गादी वाचते, पण मुलाच्या मेंदूला धडा मिळत नाही.

प्रगती आधी छोट्या खुणांतून दिसते. ओला डाग लहान होतो, अलार्म रात्री उशिरा वाजू लागतो, मूल स्वतः उठते. मग कोरड्या रात्री येतात, आणि बरीच मुले पुढे शू न करता रात्रभर झोपूनही राहतात. चार आठवड्यांत यातले काहीच दिसले नाही, तर डॉक्टरांशी बोला. दिसत असेल तर सलग चौदा रात्री कोरड्या जाईपर्यंत चालू ठेवा. साधारण तीनातल्या दोन मुलांना अलार्मचा उपयोग होतो. सहलीसाठी किंवा मामाकडे चार दिवस राहायचे असेल, तर डॉक्टर डेस्मोप्रेसिन नावाची गोळी देतात. ती गोळी घेतल्यावर सकाळपर्यंत जवळपास पाणी प्यायचे नसते, नाहीतर रक्तातले सोडियम धोकादायक उतरते.

काही मुलांची गादी काही महिन्यांनी पुन्हा ओली होऊ लागते. तेव्हा कपाटातला अलार्म काढून तीच पद्धत परत सुरू करायची. दुसऱ्या खेपेलाही ती पुष्कळांना लागू पडते. म्हणून यंत्र लगेच कुणाला देऊन टाकू नका, फक्त सेल काढून ठेवा.