खाटेशेजारीच निदान

खोकला, ताप, धाप घेऊन रुग्ण दाखल होतो. हा फ्लू, की दुसरा विषाणू? नाका-घशातल्या स्वॅबचा अहवाल मुख्य प्रयोगशाळेतून येईपर्यंत दिवस उलटतो. खाटेशेजारच्या छोट्या पीसीआर यंत्रात तोच नमुना घातला, तर साधारण तासाभरात अनेक विषाणूंचा एकाच वेळी शोध लागतो.

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या रुग्णालयात ७२० प्रौढ रुग्णांवर याची चाचपणी झाली. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अहवाल सरासरी २.३ तासांत हाती आला. नेहमीच्या पद्धतीत ३७ तास लागत होते. फ्लूच्या रुग्णांना ओसेल्टामिविर हे विषाणूरोधक औषध अधिक अचूकपणे मिळालं, रुग्णालयातला मुक्कामही सुमारे एका दिवसाने घटला.

अँटिबायोटिक मिळालेल्यांचं प्रमाण मात्र खाटेशेजारी चाचणी झालेल्या आणि नेहमीच्या पद्धतीच्या अशा दोन्ही गटांत जवळपास सारखंच, अनुक्रमे ८४ आणि ८३ टक्के! कारण अहवाल येण्याआधीच अनेकांना पहिला डोस दिला गेला होता. तरीही खाटेशेजारी चाचणी झालेल्या गटात अँटिबायोटिक लवकर थांबवलेले रुग्ण जास्त होते, आणि माझ्या मते हा फायदा मुळीच किरकोळ नाही. म्हणूनच यंत्र तपासणी कक्षातच हवं, पहिल्या डोसच्या आधी.

पंधरा मिनिटांत रेघ दाखवणारं अँटिजेन किट स्वस्त असतं, पण प्रौढांच्या नाकात विषाणू मुलांपेक्षा कमी सापडतो. त्यामुळे किट निगेटिव्ह आलं तरी फ्लू नाही असं धरू नये. पॉझिटिव्ह अहवालानंतरही सोबत जिवाणूजन्य न्यूमोनिया असू शकतो. छातीचा एक्स-रे टाळू नका.